'सुपरस्टिशन' बँडसाठी कागदावर कसं उतरवायचं? एका माणसाचं गाणं, सहा जणांत वाटणी

या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना थांबत थांबत, मागेपुढे जात समजून घ्यायला आवडतं, त्यांच्यासाठी. बोलण्यातले 'अं', 'हं' काढलेत, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय. इअरफोन जवळ असू द्या, कारण मधेमधे मी गाणं लावायला सांगणार आहे.

आजचा प्रश्न कॉलेजच्या बँडमधली मुलंमुली नेहमी विचारतात. एखादं जुनं फंक गाणं बसवायला घेतलं, नेटवरून कॉर्ड काढले, सगळ्यांनी बरोबर वाजवले, आणि तरीही गाणं काही 'त्या' गाण्यासारखं वाजत नाही. सूर चुकत नाहीत, ताल सुटत नाही, पण मजा येत नाही. असं का होतं?

कारण फंकमध्ये कॉर्ड फार थोडं सांगतात. कित्येक फंक गाणी मिनिटभर एकाच कॉर्डवर बसलेली असतात. खरी गंमत असते ती कोण कुठल्या पाव मात्रेला वाजवतो आणि कुठल्या पाव मात्रेला गप्प बसतो यात. ही माहिती कॉर्डच्या कागदावर नसतेच. ती रेकॉर्डमध्ये असते, आणि तिथून कानानं उचलून लिहावी लागते. या कामाला ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. आज आपण एकच गाणं घेऊन ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघू. गाणं आहे स्टीव्ही वंडरचं 'सुपरस्टिशन'.

हेच गाणं का?

हे गाणं १९७२ च्या 'टॉकिंग बुक' या अल्बममधलं. जानेवारी १९७३ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या नंबरला पोहोचलं आणि पुढे त्याला दोन ग्रॅमी मिळाले. तेव्हा स्टीव्ही वंडर होता २२ वर्षांचा.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. या रेकॉर्डवरचे ड्रम वंडरनं वाजवलेत. बेस त्यानंच वाजवलाय, आणि तोही बेस गिटारवर नाही, मूग सिंथेसायझरवर. तो करकरीत, टोचणारा रिफ वाजतो क्लॅव्हिनेट नावाच्या कीबोर्डवर. तोसुद्धा त्याचाच. गायलाय अर्थातच तो. बाहेरून आले ते फक्त दोघं: ट्रंपेटवर स्टीव्ह मडायो आणि टेनर सॅक्सोफोनवर ट्रेव्हर लॉरेन्स.

म्हणजे ड्रमचा पाय, बेसचा डावा हात आणि रिफची बोटं, सगळी एकाच माणसाची. एका अंगातला ठेका त्यानं एकावर एक थर देत टेपवर उतरवला. तुमच्या बँडमध्ये तोच ठेका पाच-सहा जणांना वाटून घ्यायचाय. वाटणी नीट झाली नाही, तर प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असूनही गाणं पडतं. म्हणून एवढी खटपट.

पायरी पहिली: नकाशा काढा

वाद्य बाजूला ठेवा. कागद घ्या, गाणं लावा, आणि फक्त बार मोजा. गाण्याची लय मिनिटाला साधारण १०० मात्रा आहे. चार मात्रांचा एक बार, म्हणजे एका बारला २.४ सेकंद. अल्बमवरचं गाणं जवळपास साडेचार मिनिटांचं आहे, तेव्हा ११० च्या आसपास बार होतात. ११० बार ऐकून घाबरू नका, कारण बहुतेक मजकूर परत परत येतो.

नकाशात एवढंच लिहा: इथे नुसते ड्रम, इथे क्लॅव्हिनेट आलं, इथे बेस, इथे गाणं सुरू, इथे कॉर्ड बदलले, इथे हॉर्न्स. प्रत्येक तुकड्याला नाव द्या, अ, ब, क. ही अक्षरं शेवटी सगळ्यांच्या कागदावर सारखीच हवीत. तालमीत 'क पासून घ्या' म्हटलं की सगळे एकाच जागी आले पाहिजेत. हे नसेल तर तालमीची दहा मिनिटं 'कुठून, कुठून?' यातच जातात. तास भाड्यानं घेतलेल्या खोलीत दहा मिनिटांची किंमत तुम्हाला माहीत आहेच.

पायरी दुसरी: सा कुठला?

हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर या गाण्याचा सा आहे काळी दोन. पाश्चात्त्य नावानं ई फ्लॅट. रिफमधले मुख्य सूर पाच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्याकडे धानी रागात हेच पाच सूर लागतात. राग आणि हे गाणं यांचा काही संबंध नाही, पण कानाला ओळखीची खूण म्हणून उपयोग होतो.

आता कीबोर्डवर बघा. काळी दोनला सा धरला तर कोमल ग येतो काळी तीनवर, म काळी चारवर, प काळी पाचवर, आणि कोमल नी काळी एकवर. पाचही सूर काळ्या पट्ट्यांवर! पांढऱ्या पट्टीला हात न लावता रिफचा गाभा वाजवता येतो.

गिटारवर मात्र हेच गाणं अडचणीचं. गिटारच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, बी, ई. यातला एकही सूर त्या पाचांत नाही. पण सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या तर काय होतं? मोकळ्या तारांवर नेमके तेच पाच सूर मिळतात. स्टीव्ही रे वॉन हा गिटारवाला तारा अर्धा स्वर उतरवूनच वाजवायचा, आणि १९८६ च्या 'लाइव्ह अलाइव्ह' अल्बमवर त्यानं हे गाणं घेतलंय. ते जरूर ऐका. एकाच गाण्याची गिटारला शोभेल अशी मांडणी कशी होते ते कळेल.

पायरी तिसरी: ड्रम, आणि ती पाव मात्रा

गाणं लावा. सुरुवातीला नुसते ड्रम आहेत, म्हणजे शिकायला सोपं. किक जवळपास प्रत्येक मात्रेवर पडतो. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आतापर्यंत सोपं. आता हाय-हॅट ऐका.

तबला शिकला असाल तर मनात 'तिरकिट' म्हणा. एका मात्रेत चार अक्षरं, ति-र-कि-ट. प्रत्येक अक्षर पाव मात्रा. हाय-हॅट या चार अक्षरांच्या जाळीवर खेळतो, पण चारही अक्षरं सारख्या अंतरावर नाहीत. दुसरं आणि चौथं अक्षर किंचित उशिरा येतं. म्हणून ते मशीनसारखं सपाट न वाटता डुलत चालल्यासारखं वाटतं. याला स्विंग म्हणतात.

लिहायचं कसं? प्रत्येक सूर मिलिसेकंदात मोजून लिहिलात तर ड्रमर कागद फेकून देईल. रीत अशी: साध्या पाव मात्रा लिहायच्या आणि कागदाच्या डोक्यावर एक सूचना द्यायची, 'पाव मात्रा हलक्या स्विंगमध्ये'. किती हलक्या, ते रेकॉर्ड ऐकून अंगात भिनवायचं. नोटेशन म्हणजे रस्त्याचा नकाशा, खड्डे चालतानाच कळतात.

१०० च्या लयीत पाव मात्रा म्हणजे ०.१५ सेकंद. एवढ्या वेळात कानाला नीट पकडता येत नाही. म्हणून वेग निम्मा करा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ०.५ चा पर्याय असतो, सूर न बदलता वेग कमी होतो. पाव मात्रा ०.३ सेकंदांची झाली की हाय-हॅटची गंमत उलगडायला लागते.

या ठेक्याची एक गोष्टही सांगितली जाते. गिटारवादक जेफ बेकच्या आठवणीनुसार तो स्टुडिओत ड्रमवर सहज काहीतरी वाजवत बसला होता, तेवढ्यात वंडर आला आणि थांबू नकोस म्हणाला, आणि तिथून गाणं घडत गेलं. बेकनंही पुढे १९७३ मध्ये 'बेक, बोगर्ट अँड अपिस' या अल्बमवर हे गाणं केलं. गोष्टीतून आपण घ्यायचं ते इतकंच, की हे गाणं ठेक्यापासून सुरू झालं. तुम्हीही तिथूनच सुरू करा.

पायरी चौथी: बेस (आणि फोनचा स्पीकर बंद!)

मोबाइलच्या स्पीकरवर बेस कधीही लिहू नका. बेसचा मूळ सूर बऱ्याचदा १०० हर्ट्‌झच्याही खाली असतो, आणि एवढासा स्पीकर तो धड वाजवूच शकत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते वरचे हार्मोनिक, आणि मेंदू त्यावरून खालचा सूर 'समजून घेतो'. यात सूर एक सप्तक वर-खाली लिहिला जाण्याची दाट शक्यता. इअरफोन लावा.

वाद्याचीही एक अडचण आहे. चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन. आपला सा त्याच्याही अर्धा स्वर खाली, काळी दोन. सिंथेसायझरला असली बंधनं नसतात, बेस गिटारला असतात. मार्ग तीन: पाच तारांचा बेस घ्या, तारा अर्धा स्वर उतरवा, किंवा तो सा वरच्या सप्तकातला वाजवा. तिसरा मार्ग सगळ्यात सोपा, आणि बऱ्याच ठिकाणी चालून जातो. पण निर्णय आधी घ्या, मग लिहा.

बेस लिहिताना प्रत्येक सूर 'कधी संपतो' तेही लिहा. मूग बेसचा सूर कळ सोडली की पटकन तुटतो. बेस गिटारची तार मात्र सोडली तरी घुमत राहते. ती हातानं दाबून थांबवावी लागते. कागदावर पाव मात्रेची विश्रांती दाखवली नाही तर बेसवाला सूर ओढेल, आणि किकसाठी ठेवलेली जागा भरून जाईल.

पायरी पाचवी: क्लॅव्हिनेट, म्हणजे तारांचा कीबोर्ड

क्लॅव्हिनेट जर्मनीच्या होनर कंपनीचं वाद्य. वंडरचं मॉडेल होतं सी. दिसायला कीबोर्ड, पण आत खऱ्या तारा. कळ दाबली की खालचं रबराचं टोक तार दाबून धातूवर आपटतं, आणि इलेक्ट्रिक गिटारसारखे पिकअप तो आवाज उचलतात. तारांच्या एका टोकाला लोकर गुंडाळलेली असते. कळ सोडली रे सोडली की लोकर तार गप्प करते. म्हणून आवाज असा तुटक आणि टोकदार.

रेकॉर्डवर क्लॅव्हिनेटचा एकच थर नाही, अनेक आहेत. आधी फक्त डाव्या कानाचा इअरफोन लावून ऐका, मग फक्त उजव्या. एकत्र ऐकताना जो एकच मोठा रिफ वाटतो, त्यात बारीक सवाल-जवाब चाललेले दिसतील. एका कीबोर्डवाल्यानं हे सगळं वाजवायचा प्रयत्न केला, तर त्याचे हात कमी पडतील आणि आवाजाचा चिखल होईल.

इथे खरी वाटणी सुरू होते. मुख्य रिफ कीबोर्डला. उत्तर देणारे छोटे तुकडे गिटारला, तारांवर तळहात हलका टेकवून, आवाज तुटक ठेवून. बाकीचे जे तुकडे उरतील ते सोडून द्या. हो, सोडून द्या! ऐकू आलेलं सगळं कुणाला तरी वाजवायला द्यायलाच हवं असा नियम नाही.

गिटारवाल्याशी मात्र आधी बोला. बहुतेक बँडमध्ये भांडण इथेच होतं. रिफ इतका प्रसिद्ध आहे की गिटारवाल्यालाही तोच वाजवायचा असतो. दोघांनी मिळून तोच वाजवला तर आवाज जाड होतो, पण सवाल-जवाब संपतो, आणि त्याबरोबर ठेकाही. गिटारला तिचं स्वतःचं काम द्या, आणि ते काम काय ते कागदावर स्वच्छ लिहून द्या. 'मधे मधे काहीतरी वाजव' असं सांगितलेला माणूस शेवटी रिफच वाजवतो.

गाण्यात कॉर्ड बदलतात ती जागाही इथेच पकडा. तिथे गाणं पंचमाच्या, म्हणजे काळी पाचच्या सेव्हन्थ कॉर्डवर जातं. मग अर्धा स्वर वर, परत जागेवर, मग अर्ध्या अर्ध्या स्वरानं खाली. एकाच कॉर्डवर इतका वेळ बसल्यावर ही चढउतार अंगावर येते. इथे कीबोर्ड, गिटार आणि बेस तिघांचे बदल एकाच पाव मात्रेवर पडले पाहिजेत.

पायरी सहावी: हॉर्न्स, आणि सगळ्यात महाग पडणारी गफलत

ट्रंपेट आणि सॅक्सोफोन ही 'ट्रान्सपोझिंग' वाद्यं आहेत. म्हणजे काय? ट्रंपेटवाला कागदावर पांढरी एक बघून वाजवतो, तेव्हा ऐकू येते काळी पाच. कागद आणि कान यांच्यात पूर्ण एका स्वराचा फरक. म्हणून त्याला काळी दोनचा सा हवा असेल, तर कागदावर एक स्वर वर, म्हणजे पांढरी चार लिहावी लागते.

या गाण्याचा हिशेब असा:

ट्रंपेट: सा लिहायचा पांढरी चारवर (एफ मायनर, चार फ्लॅट).
टेनर सॅक्स: तोच हिशेब, पण आवाज आणखी एक सप्तक खाली येतो.
आल्टो सॅक्स: सा लिहायचा पांढरी एकवर (सी मायनर, तीन फ्लॅट).
ट्रॉम्बोन: काही बदलायचं नाही, जे ऐकू येतं तेच लिहायचं (ई फ्लॅट मायनर, सहा फ्लॅट).

आता समजा, कीबोर्डचा कागद तसाच झेरॉक्स करून दोघांना दिला. ट्रंपेटचा सा येईल काळी एकवर, आल्टोचा काळी तीनवर, आणि कीबोर्डचा काळी दोनवर. तिघंही कागदाप्रमाणे अचूक, आणि ऐकायला भयानक! वाजवणाऱ्यांना वाटतं आपणच बेसूर आहोत. नवीन मुलगा असेल तर तो बिचारा आणखी हळू वाजवायला लागतो. म्हणून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा, आणि वर वाद्याचं नाव ठळक.

कॉलेजच्या बँडमध्ये टेनरऐवजी आल्टो असणं साहजिक आहे. पण आल्टो खाली फक्त एका काळी एकपर्यंत उतरतो, टेनर त्याच्याही खालच्या काळी चारपर्यंत जातो. टेनरची ओळ आल्टोला देताना खूप खालचे सूर आले, तर ती पूर्ण ओळ एक सप्तक वर घ्या. अर्धी खाली, अर्धी वर असं करू नका, ओळ मोडते.

आणि ट्रंपेटवाल्याला श्वास घेऊ द्या. कीबोर्डला फुप्फुसं नसतात, माणसाला असतात. क्लॅव्हिनेटचा उरलेला थर ट्रंपेटला द्यायचा मोह होईल. तो टाळा. रेकॉर्डवर हॉर्न्स सुरुवातीला गप्पच आहेत. म्हणून ते येतात तेव्हा गाणं एकदम मोठं होतं. त्यांच्या कागदावर लांबलचक विश्रांती दिसली तर लाज वाटून घेऊ नका. फक्त तिथे 'इथे गाणं सुरू होतं' अशी खूण लिहा, म्हणजे बार मोजताना माणूस हरवत नाही.

ॲप वापरू का?

वापरा. आजकाल गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळे करून देणारी ॲप आहेत. ड्रम आणि बेससाठी छान मदत होते. पण गाण्याचे चारच भाग करणाऱ्या ॲपमध्ये चौथ्या भागाचं नाव असतं 'इतर', आणि क्लॅव्हिनेटचे सगळे थर आणि हॉर्न्स त्या 'इतर'मध्ये एकत्र कोंबलेले असतात. नेमकं जे वेगळं हवं तेच मिळत नाही. तिथे कानच लागतो.

कान तयार करायची एक जुनी युक्ती: दोन बार ऐका, गाणं थांबवा, ते दोन बार तोंडानं म्हणा, मग वाद्यावर शोधा, मग लिहा. म्हणता येत नाही म्हणजे अजून नीट ऐकलेलं नाही. परत ऐका.

हे काम आपल्या भागाला काही नवीन नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमध्ये मुलं स्टाफ नोटेशन वाचायला-लिहायला शिकायची. त्यातले कितीतरी वादक मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राचा कणा झाले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं अरेंजिंग केलं. संगीतकारानं गुणगुणलेली चाल ऐकायची आणि व्हायोलिनपासून ट्रंपेटपर्यंत प्रत्येकाला वेगळा कागद द्यायचा, हेच ते काम. पडद्यावर त्यांची नावं क्वचितच मोठ्या अक्षरांत आली. तुम्ही आज चार कागद लिहिता तेव्हा त्याच कामाला हात लावता.

एक सूचना. हे सगळं तुमच्या तालमीसाठी. लिहिलेला कागद विकायचा किंवा जाहीरपणे नेटवर टाकायचा असेल तर परवानगी लागते, कारण गाणं ज्याचं आहे त्याचं आहे.

तालमीत काय करायचं?

पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एकदम वाजवू नका. आधी ड्रम आणि बेस, दहा मिनिटं, फक्त दोघं. बाकीचे टाळीनं मात्रा धरून ऐकतील. मग कीबोर्ड. मग गिटार. प्रत्येक नवीन माणूस आला की विचारा: आधीचा ठेका अजून ऐकू येतोय का? नसेल तर जो नवीन आलाय त्याचे सूर कमी करा. हॉर्न्स सगळ्यात शेवटी.

आणि कागद पेन्सिलीनं लिहा. तालमीत चार गोष्टी खोडाव्या लागतील. खोडल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी जास्तीच्या सूरांच्या असतात, असा अनुभव तुम्हालाही येईल.

तर या आठवड्याचा अभ्यास: 'सुपरस्टिशन'चे सुरुवातीचे फक्त आठ बार. निम्म्या वेगानं ऐका, हाय-हॅट 'तिरकिट'च्या जाळीत लिहा, आणि एका मित्राला किंवा मैत्रिणीला तो कागद वाचून टेबलावर वाजवायला सांगा. गाणं न लावता ऐकणाऱ्याला ओळखू आलं, तर तुमचं ट्रान्सक्रिप्शन जमलं. कसं झालं ते नक्की कळवा. पुढच्या भागात याच कागदांवर गायकासाठी सूर कसा बदलायचा ते बघू. तोपर्यंत, ऐकत राहा!